नॅनोत मराठी शुद्धलेखन तपासणी: वापरानंतरचा अनुभव आणि ‘ऱ्या’चा वैताग

नॅनो या टर्मिनलमधल्या साध्या मजकूर-संपादकाला मी आस्पेल हा शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रॅम जोडलाय. हा आस्पेल एका ओळीत ‘शेतकऱ्यांना’ मुकाट सोडतो आणि चार ओळींनी तोच शब्द चूक म्हणून अडवतो. परभणी-लातूरकडचा मजकूर म्हटला की शेतकऱ्यांशिवाय पान पुढं सरकत नाही. म्हणजे पानोपानी हीच अडवणूक!

मांडणी सोपी आहे. उबुंटू लिनक्सवर ॲप्ट या इन्स्टॉल करायच्या कमांडने ‘आस्पेल’ आणि त्याचा मराठी शब्दकोश ‘आस्पेल-एमआर’ घ्या. होम फोल्डरमधल्या ‘.नॅनोआरसी’ या नॅनोच्या सेटिंग फाइलीत ‘सेट स्पेलर’ लिहून पुढं अवतरणात आस्पेल, मग ‘-एल एमआर’, बॅकअप फाइल नको म्हणून ‘-एक्स’, आणि ‘-सी’ अगदी शेवटी; नॅनो फाइलीचं नाव त्याच्याच पुढं जोडतो. मग तपासणीसाठी एफ-१२ दाबा. कंट्रोल-टी वापरायचं तर नॅनो ५.० पासून ते दोनदा दाबावं लागतं. तपासणीआधी कीबोर्ड इंग्रजीवर आणा, कारण शब्द आपल्या स्वतःच्या यादीत घालायला ‘ए’ची कळ लागते आणि इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डमध्ये तिथं ओकार आहे.

सुरुवातीला माझं मत होतं की शब्दकोशच तोकडा. तोकडा आहेच. ‘धाराशिवहून’, ‘अंबाजोगाईच्या’, ‘बांधावरल्या’, प्रत्यय लागला की थांबलाच. पण हे शब्द एकेकदा यादीत घातले की प्रश्न मिटतो. ‘ऱ्या’ तसा मिटत नाही, म्हणून आता खरा दोष मी त्यालाच देतो.

पडद्यावर एकच दिसणारा हा ‘ऱ्या’ फाइलीत दोन प्रकारे बसतो. (कंसातले आकडे त्या अक्षराचे युनिकोड क्रमांक.) एक, ऱ (०९३१) आणि हलंत (०९४डी). दुसरा, साधा र (०९३०), हलंत आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह (२००डी). इन्स्क्रिप्टवर शिफ्ट-जे दाबून पहिला येतो. दुसरा बहुतेक वेळा दुसरीकडून चिकटवलेल्या मजकुरातून शिरतो. आस्पेलला हे दोन वेगळे शब्द वाटतात. त्यामुळं एक प्रकार यादीत घातला तरी दुसरा अडतोच, आणि यादी दुप्पट फुगते.

आधी शब्दकोश कुठला प्रकार मानतो ते पाहा: ‘आस्पेल -एल एमआर डंप मास्टर’ने शब्दकोशातली सगळी यादी बाहेर येते, त्यात ग्रेप या शोधायच्या कमांडने दोन्ही शोधा. मग सेड या शोधून बदलणाऱ्या कमांडच्या एका ओळीत आपल्या मजकुरातली ०९३०, ०९४डी, २००डी ही तिकडी ०९३१, ०९४डी अशी बदला. शब्दकोश दुसऱ्या प्रकाराचा निघाला तर उलट. तपासणी त्यानंतरच.

नुसतं झेडडब्ल्यूजे पुसून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ते गेलं की रफार होतो: ‘दऱ्या’चा ‘दर्या’, ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’. दोन्ही बरोबर शब्द, त्यामुळं तपासणी थांबेलच याची खात्री नाही, आणि स्वयंपाक करणाऱ्यांचा निरोप गुरुजींच्या नावानं छापून जातो. एवढी घातक चूक दुसऱ्या कुठल्याही सेटिंगनं होत नाही.

पैसा लागत नाही, नेट लागत नाही, जुन्या लॅपटॉपवर झटक्यात चालतं. त्यामुळं मी हीच जोडी ठेवली आहे. स्वतःचे शब्द ‘.आस्पेल.एमआर.पीडब्ल्यूएस’मध्ये साठतात. ती साधी मजकूर फाइल आहे. पेनड्राइव्हवर प्रत ठेवा. हाताने नवी बनवलीत तर पहिल्या ओळीच्या शेवटी ‘यूटीएफ-८’ हवंच. जुन्या यादीवरही तीच सेडची ओळ एकदा फिरवा आणि सॉर्ट या क्रम लावणाऱ्या कमांडनं दुबार शब्द काढा, फक्त ती पहिली ओळ जागेवर राहू द्या.