रनिंग कमी, मग सर्व्हिस किती? स्पोर्ट्स कारच्या एस्टिमेटचे दोन रकाने

ठाण्यात कासारवडवलीला राहणाऱ्या माझ्या एका मित्राने गेल्या वर्षी २०१९ ची बीएमडब्ल्यू झेड४ एम४०आय सेकंडहँड घेतली. वॉरंटी संपलेली, गाडी मात्र टकाटक. वर्षभरात चालली चार हजार किलोमीटर, तीही बहुतेक रविवारी सकाळी. सर्व्हिसची वेळ आली तेव्हा एका वर्कशॉपने त्याला दोन पानी एस्टिमेट पाठवलं आणि लगेच त्याचा मला फोन आला. "अरे, गाडी चाललीच कुठे? यातलं निम्मं तरी पुढच्या वर्षावर ढकलता येईल ना?"

येईल. पण तो जे निम्मं ढकलायला निघाला होता तेच नेमकं ढकलायचं नव्हतं.

नेरुळला माझ्याकडेही अशीच एक रविवारची गाडी बरीच वर्षं आहे, त्यामुळे ही चूक मी आधीच करून बसलोय. आम्ही एस्टिमेटचा प्रिंट काढला आणि शेजारी कोऱ्या कागदावर दोन रकाने पाडले. डावीकडे गाडीच्या पुस्तकाने किंवा तिच्या स्क्रीनने मागितलेली कामं: इंजिन ऑइल आणि फिल्टर, ब्रेक फ्लुइड, केबिन फिल्टर. उजवीकडे वर्कशॉपने आपल्या मनाने जोडलेली: इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, गिअरबॉक्स ऑइल, अलाइनमेंट, अंडरबॉडी कोटिंग, टायरमध्ये नायट्रोजन. मित्राला डावीकडचं ब्रेक फ्लुइड नको होतं, कारण रनिंग नाही. उजवीकडचा फ्लश मात्र हवा होता, कारण "तेवढंच इंजिन धुऊन निघेल".

आधी ब्रेक फ्लुइड, कारण तिथेच आमचा सगळ्यात जास्त वाद झाला. हे द्रव हवेतली ओल शोषतं, गाडी चालो वा झाकून ठेवलेली असो. डॉट ४ प्रतीचं ताजं फ्लुइड किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. खंडाळ्याहून खोपोलीकडे घाट उतरताना जोरात चालवलेल्या गाडीचे ब्रेक किती तापतात, ते उतरल्यावर येणाऱ्या वासावरून कळतं. फ्लुइड उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. मीटरवर किती आकडा आहे याचा इथे काही संबंध नाही. शिवाय आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तेव्हा दोन वर्षांची अडीच करायचा मोह टाळलेला बरा. बिलात हे काम इंजिन फ्लशच्या आसपास बसतं. दोन्हींतलं एकच करायचं असेल तर विचार करण्यासारखं काही उरत नाही.

इंजिन ऑइलचंही असंच. पुस्तकात किलोमीटर आणि महिने दोन्ही दिलेले असतात आणि "जे आधी होईल ते" हे शब्द आपण सोयीस्करपणे विसरतो. कमी चालणाऱ्या गाडीला ऑइल कमी लागतं हा समज दुधाच्या पिशवीसारखा आहे: उघडली नाही म्हणून महिनाभर टिकत नाही. पाम बीच रोडला जाऊन चहा पिऊन पंधरा मिनिटांत परत, अशा फेऱ्यांमध्ये कूलंट गरम होतं, पण ऑइल पुरतं तापत नाही. त्यामुळे त्यात उतरलेली ओल आणि पेट्रोल उडून जायला वावच मिळत नाही. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत हे जरा जास्तच होतं, आणि झेड४ चं सहा सिलिंडरचं इंजिन त्याच जातीचं. साडेसहा लिटर ऑइल लागतं, त्यामुळे बिल टोचतं. तरी वर्षातून एकदा, कंपनीने सांगितलेल्या मानांकनाचंच. एक फुकटचा उपायही आहे: पंधरा दिवसांतून एकदा अटल सेतूवरून शिवडीला जाऊन परत या. टोल लागतो, पण ऑइल नीट तापतं. (बायकोला हे कारण पटलेलं नाही.)

वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनात फ्लशला धुण्यासारखं काही नसतं. आणि वर्षानुवर्षं हेळसांड झालेल्या इंजिनात गाळ साचला असेल, तर तो सुटून बारीक वाटांमध्ये अडकायची भीती. म्हणजे गरज नाही तिथे निरुपयोगी आणि गरज आहे तिथे धोक्याचा. खोडला.

इंजेक्टर क्लीनिंगमध्ये एक गंमत आहे. अशा इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हला, म्हणजे हवा आत घेणाऱ्या झडपांना, शिवतच नाही, त्यामुळे टाकीत ओतलेली क्लीनरची कुठलीही बाटली व्हॉल्व्हवरचा कार्बन काढू शकत नाही. तो खरंच साचला, गाडी अडखळायला लागली, तर इनटेक उघडून अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीचा मारा करतात. ते वेगळं काम आणि वेगळा खर्च. लक्षण नसताना दोन्ही नको.

उजव्या रकान्यातली एकच ओळ आम्ही खोडली नाही, तिच्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं: गिअरबॉक्स ऑइल. गाडी बनवणारे म्हणतात आयुष्यभर बदलायची गरज नाही. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं असं सांगते. मला गिअरबॉक्सवाल्यांचं पटतं, कारण "आयुष्यभर" म्हणजे कुणाच्या आयुष्याचं, हे कुणी सांगत नाही. मित्राची गाडी सात वर्षांची होत आलीय, म्हणजे आज नाही, पण पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये धरायचं. या कामात फिल्टर ऑइल पॅनमध्येच बसवलेला असतो, म्हणून पॅनही बदलावं लागतं, आणि पातळी ठराविक तापमानाला मोजावी लागते. स्कॅनर न लावता "भरून देतो" म्हणणाऱ्याकडे ते देऊ नका.

बाकीचं भराभर. अलाइनमेंट कॅलेंडर बघून करायची नसते. घोडबंदर रोडवर गायमुखच्या आसपास खड्ड्यात "धाड" असा आवाज आला किंवा स्टीअरिंग एका बाजूला ओढायला लागलं, की करायची. नायट्रोजन: साध्या हवेत तो ७८ टक्के आहेच. अंडरबॉडी कोटिंग आधीच्या मालकाने केलेलं होतं, त्यावर पुन्हा कशाला? केबिन फिल्टर हवाच, मेट्रोच्या कामाची धूळ खाऊन त्याचा रंग सिमेंटसारखा झाला होता, पण तो घरी बदलता येतो. कूलंट कमी असेल तर त्याच प्रतीचं घाला, नळाचं पाणी नको. आणि दोन्ही रकान्यांत नसलेली दोन कामं: कापडी छताच्या कडेच्या पन्हळींतला पालापाचोळा पावसाळ्याआधी काढणं, आणि बॉनेट उघडून उंदरांच्या लेंड्या दिसतात का ते पाहणं. स्टिल्ट पार्किंगमध्ये महिनाभर उभी राहिलेली गाडी म्हणजे त्यांच्यासाठी फर्निश्ड फ्लॅट. माझ्या गाडीची एक वायर त्यांनी कुरतडली, तेव्हा त्या एका वायरीसाठी जो खर्च आला त्यात दोन वर्षांचं ब्रेक फ्लुइड निघालं असतं.

अधिकृत सर्व्हिस सेंटर की तुर्भे एमआयडीसीतलं एखादं चांगलं स्वतंत्र गॅरेज, हा पुढचा प्रश्न. वॉरंटी किंवा पॅकेज चालू असेल तर प्रश्नच नाही, अधिकृत. संपली असेल तर ऑइल, ब्रेकची कामं बाहेर करायला माझी हरकत नाही, पण तीन अटींवर: बिलावर ऑइलचं मानांकन लिहिलेलं हवं, सील असलेले डबे समोर उघडायला हवेत आणि जुने भाग परत मिळायला हवेत. मात्र दोन-तीन वर्षांत गाडी विकायचा विचार असेल तर अधिकृत नोंदींचा फायदा भाव ठरवताना होतो. मित्र गाडी ठेवणार आहे, म्हणून तो बाहेर गेला.

हिशोब संपला तेव्हा मूळ एस्टिमेट निम्म्याच्या खाली आलं होतं. मित्र खूश. मग आम्ही खाली पार्किंगमध्ये गेलो आणि मी मोबाइलचा टॉर्च मागच्या टायरवर मारला. टायर गोटा झालेले नव्हते, नक्षी अख्खी होती, म्हणून एस्टिमेटमध्ये त्यांचं नावही नव्हतं. बाजूला कोरलेले शेवटचे चार आकडे होते २३१९. म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. रबर नखाने दाबून पाहिलं, तर प्लास्टिकसारखं कडक, आणि नक्षीच्या खाचांत केसासारख्या बारीक चिरा. मागच्या चाकांवर एवढी ताकद, आणि पाऊस तोंडावर.

पुढचे टायर २५५ रुंदीचे, मागचे २७५ चे, त्यामुळे पुढचे मागे फिरवायचीही सोय नाही. उजव्या रकान्यातून वाचलेले सगळे पैसे तिथेच गेले, वर थोडे घालावे लागले. फ्लशचं नाव मित्राने त्यानंतर काढलेलं नाही.