व्यवहारांचा डेटा उशिरा येतोय: बॅच, मायक्रो-बॅच की सीडीसी?

डॅशबोर्डवरचे आकडे शिळे दिसू लागले की ‘सगळं रिअल-टाइम करा’ ही मागणी हमखास येते. पण उशीर कुठे होतोय हे न पाहता यंत्रणा बदलली, तर खर्च वाढतो आणि आकडे तितकेच शिळे राहतात. कार्डाचा व्यवहार घ्या. मंजुरी काही क्षणांत मिळते, सेटलमेंटची (प्रत्यक्ष पैसे हस्तांतराची) नोंद मात्र बहुधा एक ते तीन दिवसांनी येते. काफ्का (डेटा सतत वाहून नेणारी संदेश-यंत्रणा) बसवून यातला एक मिनिटही वाचणार नाही.

म्हणून बॅच (ठरावीक वेळाने एकगठ्ठा डेटा), मायक्रो-बॅच (छोटे गठ्ठे, वारंवार) आणि सीडीसी (चेंज डेटा कॅप्चर, म्हणजे प्रत्येक बदल घडताच उचलणं) यांतून निवड करण्याआधी प्रत्येक नोंदीसोबत चार टाइमस्टॅम्प ठेवा: व्यवहार कधी घडला, मूळ डेटाबेसमध्ये कधी कमिट झाला (पक्का नोंदला गेला), पाइपलाइनमध्ये कधी शिरला आणि वेअरहाउसमध्ये (रिपोर्टसाठीच्या डेटासाठ्यात) क्वेरीला कधी मिळू लागला. कोणत्या दोघांमधलं अंतर मोठं आहे, यावर बरंचसं उत्तर ठरतं.

बॅच

तासाला एकदा चालणारा, 10 मिनिटांचा जॉब असेल आणि नोंदी सारख्या वेगाने येत असतील, तर सरासरी उशीर 40 मिनिटं आणि जास्तीत जास्त 70. उशीर मोठा आहे, पण ठरलेला आहे. जॉब पडला तर लगेच कळतं आणि तो पुन्हा चालवता येतो. या साधेपणाला फार कमी लेखलं जातं.

खरा धोका ‘शेवटच्या बदलाची वेळ’ या कॉलमवरून नवे बदल उचलण्यात आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसचं ‘नाऊ’ फंक्शन ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं, कमिटची नाही. समजा, ट्रान्झॅक्शन 10:58 ला सुरू होऊन 11:02 ला कमिट झालं. 11 च्या बॅचला ती नोंद दिसत नाही. 12 ची बॅच 11 नंतरचे बदल मागते आणि नोंदीवर तर 10:58 लिहिलेलं! ती नोंद उशिरा येत नाही, येतच नाही. यावर उपाय म्हणजे दरवेळी थोडं मागे जाऊन वाचायचं आणि प्रायमरी कीवरून (प्रत्येक नोंदीच्या एकमेव ओळख-क्रमांकावरून) दुहेरी नोंदी गाळायच्या. डिलीट झालेल्या ओळी मात्र या पद्धतीला तरीही दिसत नाहीत.

मायक्रो-बॅच

स्पार्क स्ट्रक्चर्ड स्ट्रीमिंग हे साधन मुळात असंच, छोट्या गठ्ठ्यांत चालतं. पाच-पंधरा मिनिटांचा ताजेपणा पुरत असेल तर हा मधला मार्ग बरा. फक्त दर मिनिटाला सुरू होणाऱ्या गठ्ठ्याला दीड मिनिट लागू लागलं की तुंबलेलं काम वाढत जातं. शिवाय बारीक बारीक फाइल्सचा ढीग होतो आणि क्वेरी मंदावतात; त्या अधूनमधून एकत्र कराव्याच लागतात.

सीडीसी आणि स्ट्रीमिंग

डेबेझियमसारखं साधन पोस्टग्रेसचा वॉल किंवा मायएसक्यूएलचा बिनलॉग, म्हणजे डेटाबेस स्वतःच ठेवतो ती बदलांची नोंदवही, वाचतं. डिलीटही दिसतात आणि सगळं सुरळीत असताना उशीर काही सेकंदांचा असतो. सुरळीत नसताना काय होतं, ते पाहूनच हा पर्याय घ्यावा.

वाचणारा कनेक्टर बंद पडला, तर पोस्टग्रेसचा रेप्लिकेशन स्लॉट (कुठवर वाचलं याची खूण) न वाचलेला वॉल धरून ठेवतो आणि डिस्क भरत जाते. रिपोर्टचा उशीर असा थेट मुख्य डेटाबेसच्या जिवावर उठतो. पोस्टग्रेस 13 पासून या साठ्याला मर्यादा घालता येते, पण ती ओलांडली की स्लॉट बाद होतो आणि स्नॅपशॉट (सगळ्या डेटाची पूर्ण प्रत) पुन्हा घ्यायची वेळ येते.

मोजमापही फसवं असतं. काफ्कातला कन्झ्युमर लॅग (वाचायचं राहिलेलं काम) संदेशांच्या संख्येत मोजला जातो. 5,000 चा लॅग म्हणजे एक सेकंदाचं काम असू शकतं किंवा तासाभराचं. अलर्ट मिनिटांवर लावा, आणि सरासरीऐवजी 99 व्या पर्सेंटाइलवर (शंभरातल्या 99 नोंदी जेवढ्या उशिराच्या आत येतात, तो आकडा).

आणखी एक खाच म्हणजे फ्लिंक या स्ट्रीमिंग साधनातून ‘एक्झॅक्टली-वन्स’ (प्रत्येक नोंद नेमकी एकदाच) हमीने काफ्कात लिहिताना निकाल चेकपॉइंट (कामाची स्थिती जतन करण्याचा टप्पा) पूर्ण झाल्यावरच कमिट होतो. चेकपॉइंट पाच मिनिटांनी असेल, तर फक्त कमिट झालेलं वाचणाऱ्याला पाच मिनिटांपर्यंत थांबावं लागतं. स्ट्रीमिंगचा खर्च करून हाती बॅचच येते.

मग काय घ्यावं?

आकडा पाहून कोण, किती वेळात काही करणार आहे, हे आधी विचारा. सेटलमेंटचा ताळमेळ लावायचा असेल तर बॅच घ्या. समोरून फाइलच दिवसातून एकदा येत असेल तर वेगाचा उपयोग काय? मिनिटाभरात ग्राहकाला सूचना जायची असेल किंवा शिल्लक साठा दुसऱ्या सिस्टिममध्ये दिसायला हवा असेल, तर सीडीसी. फसवा व्यवहार मंजुरीआधीच अडवायचा असेल, तर तिन्ही बाद. सीडीसीसुद्धा कमिटनंतरच बोलतं. ती तपासणी मंजुरीच्या वाटेवरच बसवावी लागते.

आणि रात्री स्लॉटवर लक्ष ठेवणारं कोणी नसेल, तर मी पंधरा मिनिटांची बॅच घेईन.