सांगलीत बसून दुबईचा ट्रेडमार्क: विश्रामबागच्या ऑफिसचा अनुभव

पाचपैकी चार स्टार देतेय आणि चारही मनापासून. ज्यांची हळद, बेदाणा, मसाला बाहेरच्या देशात जातो त्यांनी जरा सवडीनं वाचा, कारण आपल्याकडं ट्रेडमार्क, म्हणजे ब्रँडच्या नावाची कायदेशीर नोंदणी, म्हटलं की लोक डायरेक्ट मुंबई गाठतात आणि इथं विश्रामबागेत हे काम व्यवस्थित होतंय हे बऱ्याच जणांना माहीतच नाही.

आमचं कुपवाड एमआयडीसीत हळद पावडर आणि बेदाण्याचं पॅकिंग आहे. ब्रँड आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे आण्णांनी काढलेला, भारतात रजिस्टर आहे. दुबईत माल जायला लागला तसा तिथला व्यापारी मागं लागला की ट्रेडमार्क मीच इथं माझ्या नावावर करून घेतो, तुम्हाला खर्च नको आणि ताप पण नको. ऐकायला गोड वाटतं हो, फुकटात होतंय म्हणून.

विश्रामबागेत ट्रेडमार्कचं काम करून देणारं जे ऑफिस आहे, तिथल्या मॅडमनी पहिल्याच भेटीत हा विषय धरला. "आण्णा, माल खुशाल द्या त्यांना, पण नाव देऊ नका." मग निवांत समजावलं की भारतातलं रजिस्ट्रेशन भारताच्या हद्दीपुरतं, तिथं कागद ज्याच्या नावावर त्याचं पारडं जड, उद्या दरावरून फाटलं आणि आपण दुसरा व्यापारी धरला तर हाच माणूस आपल्याच ब्रँडचा माल तिथं अडवू शकतो, मग बसा कोर्टात. नुसतं सांगून थांबल्या नाहीत, व्यापाऱ्याबरोबरच्या करारात ब्रँड आमचाच राहील असं कलम पण घालून दिलं. माझ्या मते अख्ख्या फीचे पैसे इथंच वसूल झाले.

आण्णांची शंका वेगळीच. "पण हळदीचं तर माशेलकरांनी अमेरिकेत जिंकलंय की वो?" मॅडम हसल्या नाहीत की घाई केली नाही. ते पेटंट होतं म्हणाल्या, जखमेवर हळद लावायचं पेटंट १९९५ ला अमेरिकेत दिलं गेलं, माशेलकरांच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं जुने पुरावे काढून दाखवले आणि १९९७ ला ते रद्द झालं, पण तिथं भांडण हळदीच्या गुणावरून होतं, पुडीवरच्या नावाचा त्यात संबंध नाही. जीआयचं, म्हणजे भौगोलिक मानांकनाचं पण तसंच. सांगलीच्या हळदीला जीआय आहे, बेदाण्याला आहे, पण तो सगळ्या भागाचा मान, तो वापरायचा तर ऑथोराइज्ड यूजर म्हणून वेगळी नोंदणी लागते आणि आपल्या ब्रँडला त्यानं दुबईत काही संरक्षण मिळत नाही. ७५ च्या पुढचा माणूस ऑफिसातनं समजून बाहेर पडला, हे मला फार मोठं वाटलं.

अर्ज केला तो मॅड्रिड सिस्टीममधनं, म्हणजे एका अर्जात बऱ्याच देशांत ट्रेडमार्क मागायची आंतरराष्ट्रीय सोय. भारत यात २०१३ ला गेला, यूएई २०२१ च्या डिसेंबरअखेर, त्यामुळं आता दुबईसाठी पण आपल्याच रजिस्ट्रीमार्फत ऑनलाइन अर्ज जातो, एकाच अर्जात ओमान, बहरीन असे देश निवडता येतात. फी स्विस फ्रँकमध्ये. बेसिक ६५३, आणि लेबल रंगीत टाकलं तर ९०३, वर प्रत्येक देशाची फी वेगळी, यूएईची चांगलीच जड आहे. मॅडमनी वायपोच्या, म्हणजे ही सिस्टीम चालवणाऱ्या जागतिक संघटनेच्या साइटवरचा फी कॅल्क्युलेटर आमच्यासमोर उघडून आकडे दाखवले, सरकारी फी इतकी, आमची इतकी, दोन वेगळ्या ओळीत. रंगीत लेबलाऐवजी साधं काळ्या अक्षरातलं नाव टाका असं त्यांनीच सुचवलं. भारतात पण नाव तसंच रजिस्टर होतं म्हणून जमलं, कारण इथं जसा मार्क आहे तसाच्या तसा तिकडं जावा लागतो. अर्जात मालाचा वर्ग, म्हणजे क्लास लिहावा लागतो: हळद पावडर क्लास ३० मध्ये, बेदाणा २९ मध्ये, आणि ताजी द्राक्षं पाठवणाऱ्यांना ३१ लागतो, तासगावकडच्या मंडळींनी हे ध्यानात घ्या.

एक ठिकाणी काम अडलं. भारतातला मार्क आण्णांच्या नावावर, एक्सपोर्ट मात्र फर्मच्या नावानं, आणि दोन्हीकडं अर्जदार एकच पाहिजे. मग आधी असाइनमेंट, म्हणजे मार्क फर्मच्या नावावर करणं, त्याचा टीएम-पी फॉर्म, ते चढेपर्यंत थांबा. पुढं काय धोका आहे तेही त्यांनी स्पष्ट सांगितलं, की पहिली पाच वर्षं बाहेरचं रजिस्ट्रेशन भारतातल्या मार्कवर टेकलेलं असतं, इथला उडाला तर तिकडचाही जातो. असं तोंडावर सांगणारा माणूस मला आवडतो.

आता एक स्टार का कापला. फोन उचलत नाहीत. काम कुठवर आलंय ते आपणच विचारायचं, मग व्हॉट्सॲपवर दोन शब्दांचं उत्तर. एवढे पैसे भरलेल्या माणसाला महिन्याला एक मेसेज करायला काय हरकत आहे? शेवटी मी मॅड्रिड मॉनिटरवर, म्हणजे अर्ज कुठवर आला ते दाखवणाऱ्या वायपोच्या साइटवर, नंबर टाकून स्वतःच बघायला शिकले, ते फुकट आहे आणि सोपं पण आहे.

आणि हे सगळ्यांनी वाचाच. अर्ज वायपोच्या गॅझेटमध्ये छापून आला की भलतीच पत्रं येतात, शिक्का-बिक्का मारलेली, युरोमध्ये नोंदणी फी भरा म्हणून. आमच्याकडं पण आलं, मिस्टर भरायला निघाले होते. मॅडमनी आधीच बजावून ठेवलं होतं म्हणून त्यांना फोटो पाठवला आणि या वेळी मात्र पाच मिनिटांत फोन आला, भरू नका, फ्रॉड आहे. वायपोच्या साइटवर अशा पत्रांचे नमुनेच टाकलेत, बघून ठेवा.

ओमानचं मंजुरीचं पत्र आलंय. दुबईचं बाकी आहे, मंजूर की नाही ते देशांना कळवायला १२ नाहीतर १८ महिन्यांची मुदत असते. जाताना भारतातलं सर्टिफिकेट, उद्यमचा कागद आणि फर्मची पार्टनरशिप डीड बरोबर न्या, आणि दुपारी जेवणाच्या वेळेत जाऊ नका, ऑफिस बंद असतं.