विम आठ महिने वापरल्यावर: सगळं ठीक, अडलं ते 'ठ'वर

विम हा कोड लिहायचा एडिटर फुकट आहे, चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर पळतो, मोड म्हणजे काय हेही तुम्हाला ठाऊक असणार: इन्सर्ट मोडमध्ये अक्षरं उमटतात, नॉर्मल मोडमध्ये तीच बटणं आदेश होतात. म्हणून ते सगळं सोडून सरळ देवनागरीवर येतो.

इंदूरमध्ये दुकानांसाठी बिलाचा प्रोग्रॅम लिहायचा तर पडद्यावरचे संदेश हिंदीत लागतात आणि कोडमधल्या टिपा आपल्या मराठीत. सिस्टिमचा कीबोर्ड इनस्क्रिप्ट या देवनागरी मांडणीवर टाकला की इन्सर्ट मोडमध्ये टायपिंग झकास होतं. पण एस्केप दाबून नॉर्मल मोडमध्ये यावं आणि खालच्या ओळीवर जायला इंग्रजी 'जे'चं बटण दाबावं, तर विमच्या हाती पडतो 'र'. ओळ उडवायला दोनदा डी दाबावा, तर दोन हलन्त. विमसाठी हे आदेशच नव्हेत. दर टिपेला कीबोर्ड दोनदा बदलायचा, मग विम शिकून मिळवलं काय? पहिले दोन महिने मी पाचात दोनच तारे दिले असते.

मत बदललं ते कीमॅपमुळे, म्हणजे कोणत्या बटणाला कोणतं अक्षर हे विमला सांगणाऱ्या यादीमुळे. सिस्टिम इंग्रजीतच राहू द्या. डॉट-विम फोल्डरमध्ये कीमॅप नावाचा फोल्डर करा, त्यात डॉट-विम एक्स्टेन्शनची फाइल. फाइलीत 'लोडकीमॅप' ही ओळ, त्याखाली दर ओळीला एक जोडी: इंग्रजी बटण, मोकळी जागा, देवनागरी अक्षर. विमआरसी या विमच्या सेटिंगच्या फाइलीत कीमॅप सेट करा आणि त्याच्या खालच्याच ओळीत आयएमइन्सर्ट (कीमॅप चालू की बंद हे ठरवणारं सेटिंग) शून्य करा. क्रम उलटा नको: कीमॅप सेट होताना विम ती किंमत आपणहून १ करतो, आणि मग इन्सर्टमध्ये शिरताच देवनागरी उमटते. आता इन्सर्ट मोडमध्ये कंट्रोल-६ दाबलं की लिपी बदलते, नॉर्मल मोडचे आदेश मात्र इंग्रजीच राहतात. वर देवनागरी चालू असताना एफ आणि मग के दाबलं की कर्सर त्या ओळीतल्या पुढच्या 'क'वर जातो! हे पाहून खरंच आनंद झाला.

जोड्या इनस्क्रिप्टच्याच घ्या. उच्चारानुसार मांडणी केली तर 'क' आणि 'ख' दोन्ही के पासून सुरू होतात. एच येतोय का याची विम एक सेकंद वाट पाहतो, आणि लिहिण्याची लय तुटते.

आता तो 'ठ'. इनस्क्रिप्टमध्ये तो दुहेरी अवतरणचिन्हाच्या बटणावर असतो, आणि कीमॅप फाइलीत त्या चिन्हाने सुरू झालेली ओळ विम टिप्पणी समजून सोडून देतो. चूक दाखवत नाही. ग्राहकाच्या नावात 'सेठ' टाइप केलं की 'से' आणि पुढे अवतरणचिन्ह उमटतं, स्ट्रिंग (कोडमधला अवतरणांतला मजकूर) तिथेच बंद होते, प्रोग्रॅम अडतो. उपाय एका ओळीचा: चिन्हाऐवजी कोनी कंसात इंग्रजी 'कॅर' (सी-एच-ए-आर), आडवी रेघ आणि इंग्रजी अंकांत ३४ लिहा, पुढे 'ठ'. हे कळेपर्यंत प्रत्येक 'ठ' दुसरीकडून उचलून चिकटवावा लागला, ती चीड अजून गेलेली नाही. आणि खरी स्ट्रिंग बंद करायला आधी कंट्रोल-६ दाबावं लागतं, ते अजूनही विसरायला होतं.

लाईट गेल्यावर स्वॅप फाइल, म्हणजे सेव्ह न केलेल्या कामाची विमने ठेवलेली नोंद, कामाला येते: दर २०० अक्षरांनी किंवा चार सेकंद हात थांबला की ती लिहिली जाते. डेस्कटॉपवाल्यांनी ती बंद करू नये.

आज चार तारे. पाचवा अडकलाय जोडाक्षरांत: काही टर्मिनलमध्ये कर्सर दिसतो एका अक्षरावर आणि एक्स दाबल्यावर खोडलं जातं दुसरंच. शिवाय 'कि'वर एक्स दाबलं की वेलांटीसकट 'क'ही जातो. फक्त वेलांटी काढायची असेल तर डेलकम्बाइन हे सेटिंग चालू करा.