काटा फिरवायचा की आकडे दाबायचे? शॉर्टवेव्हसाठी जुना संच आणि नवा संच

रात्री एकदा शॉर्टवेव्हवर, म्हणजे दूरदेशीची केंद्रं ऐकवणाऱ्या लहरींवर, १० मेगाहर्ट्झला जाऊन बघा. अमेरिकेत कोलोराडोतल्या फोर्ट कॉलिन्सहून डब्ल्यूडब्ल्यूव्ही आणि चीनमधून बीपीएम, अशी वेळ सांगणारी दोन केंद्रं याच फ्रिक्वेन्सीवर सेकंदासेकंदाला टिकटिक करत असतात. जुन्या आणि नव्या रेडिओतला फरक समजून घ्यायला मी नेहमी याच टिकटिकीकडे जातो.

हातात मावणाऱ्या नव्या संचावर १०००० (किलोहर्ट्झमध्ये) हे आकडे दाबले की झालं. ऐकू येत असेल तर येतं, नसेल तर नाही. दोन सेकंदांत निकाल. जुन्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांच्या, टेबल रेडिओवर मात्र काचेवर ९ आणि १२ या आकड्यांमध्ये दोन-तीन बोटं जागा असते आणि तेवढ्यात ३१ मीटर आणि २५ मीटर असे दोन अख्खे बँड (केंद्रांसाठी राखलेले पट्टे) दाटीवाटीने बसलेले असतात. बटण केसभर फिरवायचं, थांबायचं, कान द्यायचा, पुन्हा केसभर. वाटेत कुठे प्रार्थना लागते, कुठे बातम्या, कुठे भाषाच ओळखता येत नाही असं काहीतरी. मग टिकटिक सापडते. दहा मिनिटांनी ती थोडी सरकलेली असते, कारण व्हॉल्व्ह अजून तापत असतात.

माझ्या लेखी जुन्या संचाची ओढ त्या वाटेत आहे. नव्या संचालाही फिरवायचं चाक असतंच, पण ते पायरी-पायरीने चालतं, आणि आतल्या चिपमुळे बऱ्याच संचांत प्रत्येक पायरीला आवाज क्षणभर तुटतो. दोन केंद्रांमधली जागा सलग ऐकता येत नाही. जुन्या संचात स्टेशन लावणाऱ्या गँग कंडेन्सरच्या पात्या हवेत एकमेकींत सरकतात, त्यामुळे पायरी नावाची गोष्टच नसते. जे शोधत नव्हता ते सापडण्याची शक्यता तिथे खूप जास्त.

जुना म्हणजे कोणता जुना

इथेच बहुतेकांची गल्लत होते. ‘जुना शॉर्टवेव्ह रेडिओ’ हा एक प्रकार नाही, निदान तीन आहेत, आणि तिघांचा स्वभाव वेगळा.

पहिला, घरातला लाकडी पेटीचा व्हॉल्व्ह संच. मोठा स्पीकर, भरदार आवाज, काही संचांत हिरवा ‘मॅजिक आय’. १९३५ मध्ये ६ई५ हा असा पहिला डोळा बाजारात आला, आणि स्टेशन नेमकं लागलं की त्यातली सावली मिटत जाते हे बघण्यात मला आजही आनंद होतो. पण हा संच शॉर्टवेव्हवर ढोबळ आहे. त्यातली मधली फ्रिक्वेन्सी, म्हणजे आयएफ (येणारा सिग्नल आत ज्या ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणला जातो ती), साधारण ४५५ किलोहर्ट्झ असते, आणि त्यामुळे जोरकस केंद्र दोनदा दिसतं: एकदा आपल्या जागी आणि एकदा ९१० किलोहर्ट्झ दूर. ११,९०० वरचं दणकट केंद्र १०,९९० वरही बोलताना सापडेल आणि नवखा माणूस त्या प्रतिमेला नवीन स्टेशन समजेल. शिवाय यात बीएफओ नसतो, म्हणजे प्रक्षेपणात नसलेली वाहक लहर (आवाज जिच्यावर स्वार होऊन येतो ती) संचातच भरून देणारा भाग. हौशी रेडिओवाले सिंगल साइडबँडवर, म्हणजे ही वाहक लहर गाळून, बोलतात, ते या संचावर बदक बोलावं तसे ऐकू येतात, अर्थ लागत नाही.

दुसरा, कम्युनिकेशन रिसीव्हर. सैन्य, जहाजं, टेहळणी केंद्रं यांच्यासाठी बनवलेली यंत्रं. अमेरिकी सैन्याचा आर-३९०ए हा २६ व्हॉल्व्हचा, ३५-४० किलोच्या घरातला संच. त्याच्या डायलवर काटा नाही, गाडीच्या मीटरसारखे फिरणारे आकडे आहेत, आणि आतली दातेरी चाकं बटणागणिक कॉइलींच्या गाभ्यांची अख्खी फळी वरखाली करतात. ब्रिटनच्या रॅकल आरए-१७ मध्ये ट्रेव्हर वॉडली या दक्षिण आफ्रिकी अभियंत्याची युक्ती आहे: एका क्रिस्टलच्या आधाराने १ ते ३० मेगाहर्ट्झचे सगळे टप्पे, आणि वर ऑसिलेटर (संचातली लहर तयार करणारा भाग) थोडा सरकला तरी ती चूक पुढच्या पायरीत आपोआप वजा होते. हीच युक्ती १९७० च्या दशकात येसू या जपानी कंपनीच्या एफआरजी-७ मध्ये ट्रान्झिस्टरवर आली. टेबलावर सहज मावणारा, सेलवरही चालणारा, काट्याने फिरवायचा, पण जागचा न हलणारा. जुन्या पद्धतीची फिरवाफिरव आणि नव्याची स्थिरता यांच्यामधलं घर शोधत असाल तर माझं मत याच्या बाजूने आहे.

तिसरा, पोर्टेबल. झेनिथचा ट्रान्स-ओशनिक १९४२ मध्ये आला आणि जवळपास चार दशकं या ना त्या रूपात बनत राहिला. १९५७ मध्ये रॉयल १००० या मॉडेलने व्हॉल्व्ह सोडून ट्रान्झिस्टर घेतला. मुख्य बँड ताणून डायलभर पसरवलेले असल्यामुळे ३१ मीटरवर स्टेशन शोधणं टेबल रेडिओपेक्षा कितीतरी सोपं. दुसऱ्या टोकाला सोनीचा १९८५ चा आयसीएफ-२००१डी, अमेरिकेत ज्याला २०१० म्हणतात. आकड्यांची बटणं, ३२ मेमरी, आणि सिंक्रोनस डिटेक्टर. लहरी वरखाली होत येतात तेव्हा केंद्राची वाहक लहर मध्येच गळते आणि आवाज फाटतो. हा डिटेक्टर ती लहर संचात तयार करून भरून काढतो. चाळीस वर्षांनंतरही अनेक नवे पोर्टेबल हे इतकं नीट करत नाहीत.

नवा संच काय देतो

खूप काही, आणि ते मान्य करायला हवं. सिलिकॉन लॅब्सच्या एसआय४७३५ सारखी एक नखाएवढी चिप २.३ ते २६.१ मेगाहर्ट्झ हाताळते. प्रतिमेचा त्रास जवळजवळ नाही, शेजारची केंद्रं अडवणाऱ्या गाळणीची (फिल्टरची) रुंदी बटणावर बदलते, स्टेशन सरकत नाही, सेल दिवसेंदिवस पुरतात. शेजारी ५ किलोहर्ट्झवर दुसरं केंद्र ओरडत असेल तर व्हॉल्व्ह संच दोघांनाही एकत्र ऐकवतो, नवा संच एकाला वेगळं काढतो.

त्याच्या दोन खोडी मात्र आधी माहीत असाव्यात. सिग्नल क्षीण झाला की चिप स्वतःहून आवाज दाबते. जुन्या संचावर खरखरीतून ओळखता आला असता तो शब्द इथे हरवतो. आणि लांब तार जोडली की बरेच छोटे पोर्टेबल गुदमरतात, सगळीकडे सगळं ऐकू येऊ लागतं. व्हॉल्व्ह संच उलट लांब तार आणि चांगली अर्थिंग मागतो आणि ती पचवतो.

संगणकाला जोडायचे एसडीआर, म्हणजे बरंचसं काम सॉफ्टवेअरने करणारे रेडिओ, हा आणखी वेगळा मार्ग. अख्खा बँड पडद्यावर धबधब्यासारखा उतरताना दिसतो, कुठे कोण आहे ते कानाआधी डोळ्याला कळतं. शोधाशोध हाच ज्याचा छंद आहे त्याला हे आवडेलच असं नाही. ज्याला नोंदी ठेवायच्या आहेत त्याला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर तर ब्राउझरमधूनच उघडतो. काहीही विकत घेण्याआधी आठवडाभर त्यावर बसा. शॉर्टवेव्हवर ऐकण्यासारखं आपल्याला काही सापडतं का, हे त्यातच कळेल.

कारण आकाश आता पूर्वीइतकं गजबजलेलं नाही. रेडिओ नेदरलँड्स आणि रेडिओ कॅनडा इंटरनॅशनल २०१२ मध्ये शॉर्टवेव्हवरून गेले, रेडिओ ऑस्ट्रेलिया जानेवारी २०१७ मध्ये. चायना रेडिओ इंटरनॅशनल, रेडिओ रोमानिया इंटरनॅशनल, रेडिओ न्यूझीलंड पॅसिफिक यांच्यासारखी टिकून राहिली. मार्च २०२२ मध्ये बीबीसीने युक्रेनसाठी शॉर्टवेव्हवर रोज चार तास पुन्हा सुरू केले तेव्हा मला या लहरींचं मोल नव्याने जाणवलं: वाटेत तार नाही, मनोरा नाही, मधे कुणी बंद करेल असं बटण नाही.

दुरुस्ती: इथे खरा फरक पडतो

व्हॉल्व्ह संच कितीही जुना असो, उलटा केला की सगळं डोळ्यांना दिसतं. मेणकागदी कंडेन्सर गळके झालेले असणारच. त्यातला आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला जोडलेला कंडेन्सर सगळ्यात घातक. तो गळला की व्हॉल्व्ह आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर दोन्ही जळू शकतात. म्हणून अनेक वर्षं बंद असलेला संच ‘चालतो का बघू’ म्हणून थेट विजेला कधीही लावू नका. आधी कंडेन्सर बदला. काही स्वस्त संचांत तर पॉवर ट्रान्सफॉर्मरच नसतो आणि लोखंडी चासी (आतला सांगाडा) सरळ विजेच्या तारेला जोडलेली असते. असा संच आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (संचाला घरच्या विजेपासून वेगळं ठेवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरशिवाय) उघडून त्यात हात घालणं जिवावर बेतू शकतं.

साठच्या दशकातल्या काही ट्रान्झिस्टर संचांचं दुखणं निराळं. एएफ११७ सारख्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या डबीत कथिलाचे केसासारखे तंतू वाढतात आणि आतल्या आत शॉर्ट करतात. चौथा, डबीला जोडलेला पाय कापला की अनेकदा मेलेला रेडिओ पुन्हा बोलतो. हे पहिल्यांदा केलं तेव्हा मला वाटलेला आनंद मी अजून विसरलेलो नाही.

सगळ्यात अवघड आहेत ते ऐंशी-नव्वदच्या दशकातले डिजिटल पोर्टेबल. बारीक इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर गळून बोर्डाची पट्टी खातात, पडदा गेला तर दुसरा मिळत नाही, बाहेरच्या एरियलवर साठलेल्या स्थिर विजेने एरियलपाशीचा पहिला एफईटी (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) उडतो. विकणाऱ्याने कंडेन्सर बदलल्याचं दाखवलं नाही तर मी त्या वाटेला जाणार नाही. नवा चिपवाला संच बिघडला तर दुरुस्तीचा प्रश्नच सहसा येत नाही. तो बदलायचा असतो.

मग कुणी काय घ्यावं

बातम्या, भाषांचे कार्यक्रम नियमित ऐकायचे असतील, प्रवासात न्यायचा असेल, तर नवा पोर्टेबल घ्या. एकच गोष्ट बघा, त्यात साइडबँडची सोय असावी.

संध्याकाळी तासभर नुसतं फिरायचं असेल आणि हाताला थोडं काम करायला आवडत असेल, तर एफआरजी-७ किंवा त्या घडणीचा काटेवाला ट्रान्झिस्टर संच. व्हॉल्व्हचा टेबल रेडिओ दुसरा संच म्हणून घ्या, पहिला म्हणून नको. आर-३९०ए सारखं धूड त्यांच्यासाठी, ज्यांना ऐकण्याइतकंच यंत्र खोलून बघण्याचं वेड आहे.

मात्र कोणताही संच घेण्याआधी घरातला गोंगाट मोजा. एलईडी दिवे, चार्जर, सोलर इन्व्हर्टर यांची घरघर एखाद्याकडे इतकी असते की सत्तर वर्षांचा उत्तम रिसीव्हरही तीच ऐकवतो. अशा ठिकाणी सेलवर चालणारा संच घेऊन मोकळ्या जागी जाणं हा उपाय विजेवरच्या जड पेटीला जमत नाही.

जुना संच बघायला जाल तेव्हा अर्धा तास तो चालू ठेवायला सांगा. एक स्टेशन लावा आणि तीस मिनिटांनी ते किती सरकलं ते बघा. पहिल्या वीस मिनिटांतलं सरकणं चालेल, नंतरचं नाही. बँड स्विच दोन-चार वेळा फिरवा, खरखर कमी झाली तर फक्त संपर्क मळलेत, ते साफ होतात. काटा अडखळत असेल तर डायलची दोरी सैल आहे, ती नवी घालता येते. काच मात्र नीट बघा, उजेडात धरून. त्यावरची छपाई पुसली असेल किंवा तडा असेल तर त्याच मॉडेलचा दुसरा संच शोधा, कारण तशी काच आता सुटी मिळणं फार कठीण आहे.