डेटा चोरीची भरपाई मागायला गेलो आणि ४१२ डॉलर ५० सेंट घालवून बसलो

आधी आकडे सांगतो. एकूण गेले ५०१ डॉलर ५० सेंट. त्यातले ८९ क्रेडिट कार्डवरून गेले, ते भांडून परत मिळाले. ४१२ डॉलर ५० सेंट झेलवरून (बँकेच्या अ‍ॅपमधून लगेच पैसे पाठवायची सेवा) गेले, ते मिळणार नाहीत. सोशल सिक्युरिटी नंबर, जन्मतारीख आणि बँक खात्याचा नंबर गेला तो वेगळाच. २३ दिवसांनी त्याच सोशल सिक्युरिटी नंबरावर एका दुकानाचं क्रेडिट कार्ड निघालं आणि त्यावर १,३४६ डॉलरची खरेदी झाली. हे सगळं लिहिताना लाज वाटते. पण अमेरिकेतल्या बहुतेक मराठी घरांत हॉस्पिटलची किंवा इन्शुरन्सची 'तुमची माहिती चोरीला गेली आहे' अशी पत्रं येऊन पडलेली आहेत, आणि ज्याच्या घरी ते पत्र आहे त्याला हा सापळा लागू शकतो.

मोठी रक्कम दाखवायची आणि ती सोडवायला आधी छोटी मागायची, हा प्रकार कोणाला माहीत नाही? मलाही माहीत होता. तरी फसलो, त्याचं कारण ऐका. हॉस्पिटलचं पत्र खरं होतं. त्यांचं बिलिंग सांभाळणाऱ्या कंपनीकडून डेटा गेला होता आणि त्यावर क्लास अ‍ॅक्शन खटलाही, म्हणजे सगळ्या पीडितांच्या वतीने एकच दावा, खरा चालू होता. जो ईमेल आला त्यात हॉस्पिटलचं नाव, बिलिंग कंपनीचं नाव, माझी तिथे तपासणी झाली तो महिना आणि इन्शुरन्स कार्डाच्या मेंबर आयडीचे शेवटचे चार आकडे बरोबर होते. केस नंबरही खरा होता. तो गूगलवर टाकला तर खराच खटला निघाला, म्हणजे मी तपासलं नाही असंही नाही. चोरीला गेलेली माझीच माहिती मला ओळख पटवायला वापरली गेली. बरोबर तपशील देणारा माणूस अधिकृतच असतो हा समज डोक्यातून काढून टाका. आता असे तपशील चोराकडेच सगळ्यात जास्त असतात.

मेलमधल्या लिंकवर साइट उघडली. वर कोर्टाचं बोधचिन्ह, खाली 'तुमचा क्लेम मंजूर: २,१५० डॉलर', बाजूला मुदतीचं उलटं घड्याळ. फॉर्म भरला. शेवटी 'ओळख पडताळणी शुल्क ८९ डॉलर', कार्डने. चार दिवसांनी फोन आला. बाई शांत आणि सभ्य बोलत होती, घाई अजिबात नव्हती. रकमेवर आयआरएसचा, म्हणजे अमेरिकी कर खात्याचा, कर आधी भरावा लागतो, ४१२ डॉलर ५० सेंट, तो चेकबरोबर परत मिळेल, झेलने पाठवा.

इथेच थांबायला हवं होतं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये नंबर टाकल्यावर घेणाऱ्याचं नाव दिसतं. तिथे कुठल्याही कंपनीचं, खात्याचं नाव आलं नाही. एका माणसाचं पहिलं नाव आलं, बस्स. त्याखाली बँकेचा इशारा होता, की या व्यक्तीला ओळखत असाल तरच पैसे पाठवा. मी ते नाव वाचलं. फोनवर विचारलंही. ती म्हणाली, 'आमच्या अकाउंट्स विभागाचे अधिकारी आहेत.' आयआरएसचा कर एखाद्या माणसाच्या खाजगी झेलवर जातो का? दर वर्षी टॅक्स रिटर्न मी स्वतः भरतो. तरी बोट खाली गेलं. त्या नावावर मी किती वेळा परत जातो ते माझं मला माहीत.

आता खरं सेटलमेंट, म्हणजे खटल्यातली तडजोड, कसं चालतं ते सांगतो, कारण ते माहीत असतं तर २,१५० हा आकडा बघूनच मी मेल बंद केला असता.

क्लेम भरायला एक सेंटही लागत नाही. वकिलांची फी कोर्टाच्या मंजुरीने ठरते, बहुतेक वेळा फंडाच्या पाव ते एक तृतीयांश असते, आणि सेटलमेंटमधूनच जाते. तुमच्या खिशातून काही जात नाही. क्लेम गोळा करायला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नेमलेला असतो. क्रोल, एपिक, एंजियन, जेएनडी ही त्या धंद्यातली नावं. त्यांच्याकडून पोस्टकार्ड किंवा ईमेल येतो, त्यावर क्लास मेंबर आयडी आणि पिन असतो. म्हणजे ईमेल आला म्हणून तो खोटाच असंही नाही, आणि खऱ्या साइट्स बहुतेक डॉट कॉमच असतात, सरकारी नसतात. म्हणूनच खोटी साइट खपून जाते. २०१९ मध्ये इक्विफॅक्सचं (लोकांच्या कर्जाची नोंद ठेवणारी कंपनी) सेटलमेंट जाहीर झालं तेव्हा फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहक संरक्षणाच्या सरकारी संस्थेला खोट्या साइट्सबद्दल लोकांना सावध करावं लागलं होतं. तिथे तर माणशी '१२५ डॉलर'ची चर्चा घराघरात झाली आणि प्रत्यक्ष रोख रक्कम त्याच्या जवळपासही पोचली नाही.

भागाकार करायची सवय लावा. अँथेम या आरोग्य विमा कंपनीकडची डेटा चोरी २०१५ मध्ये उघड झाली, सुमारे ७ कोटी ८८ लाख लोकांची माहिती गेली. २०१८ मध्ये कोर्टाने मंजूर केलेलं सेटलमेंट ११ कोटी ५० लाख डॉलरचं होतं. माणशी दीड डॉलरही पडत नाही. त्यात बरेचसे पैसे क्रेडिट मॉनिटरिंगसाठी (तुमच्या नावावर कोणी कर्ज किंवा कार्ड काढतंय का यावर नजर ठेवणारी सेवा) होते, आणि ज्यांच्याकडे ते आधीच होतं त्यांना रोख, जास्तीत जास्त ५० डॉलर. सगळे क्लेम भरत नाहीत म्हणून भरणाऱ्याला काही तरी मिळतं, एवढंच. मोठ्या चोरीचं नाव ऐकून मोठ्या रकमेची आशा लावू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये चेंज हेल्थकेअर या वैद्यकीय बिलं हाताळणाऱ्या कंपनीवर सायबर हल्ला झाला, त्यात सुमारे १९ कोटी लोकांची माहिती गेली. असं नाव घेऊन आलेला मेल प्रत्येकाला आपलाच वाटणार.

खऱ्या फॉर्ममध्ये साधारण तीन-चार रकाने असतात. एक, क्रेडिट किंवा मेडिकल मॉनिटरिंग. दोन, सरसकट रोख रक्कम, जी शेवटी क्लेम किती आले त्यावरून कमीजास्त होते. तीन, वाया गेलेला वेळ, बहुतेक ठिकाणी तासाला २० ते ३० डॉलर आणि मोजक्याच तासांचा. चार, प्रत्यक्ष झालेलं नुकसान. इथे मर्यादा हजारांत असते, पण कागद लागतात. बँक स्टेटमेंटवरची नेमकी ओळ, पावती, पत्रव्यवहार, आणि नुकसानीची तारीख चोरीच्या नंतरची. स्वतः टाइप केलेली यादी एकटी चालत नाही. कागद कमी पडले तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर त्रुटीची नोटीस पाठवतो, तिला दिलेल्या मुदतीत उत्तर दिलं नाही की तो भाग गेला. खाली सही असते ती, खोटं लिहिल्यास खोट्या साक्षीचा गुन्हा लागेल हे मान्य करून. म्हणजे एकही कागद न बघता 'मंजूर' झालेली २,१५० ही रक्कम या पद्धतीत बसतच नाही. शिवाय अंतिम मंजुरीची सुनावणी होऊन अपिलाची मुदत संपल्याशिवाय कोणालाच पैसे मिळत नाहीत. सुनावणीची तारीख नोटिशीत छापलेली असते. माझ्या मेलमध्ये 'सात दिवसांत' लिहिलं होतं.

सोशल सिक्युरिटी नंबर खरे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कधीच मागत नाहीत असं मात्र कोणी सांगितलं तर मानू नका. मोठी रक्कम असेल तर करासाठी मागू शकतात. तेव्हा विचारायचा प्रश्न एकच: मी या साइटवर कुठून आलो? मेलच्या लिंकवरून आला असाल तर बंद करा. हॉस्पिटलच्या स्वतःच्या साइटवरची सूचना किंवा कोर्टाच्या आदेशात लिहिलेला पत्ता, तिथून आत या. खटला फेडरल कोर्टात असेल तर पेसर या कोर्टाच्या ऑनलाइन नोंदींच्या साइटवर कागद मिळतात, पानाला १० सेंट, एका कागदाला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तीन महिन्यांत ३० डॉलरच्या आत राहिलात तर काहीच आकारत नाहीत. प्राथमिक मंजुरीचा आदेश उघडा, त्यात किंवा त्याला जोडलेल्या नोटिशीत साइटचा पत्ता असतो. मी केस नंबर तपासला, पत्ता जुळवला नाही. हॉस्पिटलचे बरेच खटले राज्याच्या कोर्टात असतात आणि ते पेसरवर दिसत नाहीत. तिथे त्या कोर्टाच्या क्लार्कच्या साइटवर शोधा.

आणि आता मदत करणाऱ्यांबद्दल. बँकेला दोन तासांच्या आत फोन केला. ५२ मिनिटं थांबवून ठेवलं. उत्तर काय? 'पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत.' कोणी खात्यात घुसून पैसे काढले तर कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे, पण फसवून तुमच्याच हाताने पाठवायला लावले तर बँक हात वर करते. समोरच्याचं झेल चालू असेल तर व्यवहार रद्दही करता येत नाही. इशारा दाखवला होता म्हणून जबाबदारी संपली म्हणतात. पैसे घेणारं खातंही कुठल्या तरी बँकेतच आहे ना? त्या खातेदाराची ओळख त्या बँकेने तपासलेली असणार ना? मग त्याला हात का लावत नाहीत? दहाव्या दिवशी नकाराचं तीन ओळींचं पत्र. पोलिसांत गेलो तर 'ऑनलाइन आहे, तिकडे ऑनलाइन करा.' तक्रार नोंदवून घ्या, मला तिची प्रत लागणार आहे, असं तीनदा सांगितल्यावर नोंदवली. ऑनलाइन पोर्टलने एक नंबर दिला, पुढे कोणीही फोन केला नाही. राज्याच्या कार्यालयाने छापील पत्र पाठवलं, त्यात मलाच सावध राहायचा सल्ला. हॉस्पिटल म्हणतं चोरी बिलिंग कंपनीकडे झाली. बिलिंग कंपनीच्या पत्रातला फोन नंबर बंद. माझी तपासणी ज्यांनी केली, माझे पैसे ज्यांनी घेतले, माझी माहिती ज्यांनी दुसऱ्याला दिली, त्यांच्यापैकी एकालाही या ४१२ डॉलरचं काही देणंघेणं नाही. हिपा या रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेच्या कायद्याचा धाक दाखवावा म्हटलं तर त्या कायद्याखाली रुग्णाला स्वतः खटला भरताच येत नाही.

तरीही तक्रारी करा, कारण त्या कागदांचा उपयोग होतो. आयडेंटिटी थेफ्ट डॉट गव्हवर भरलेला अहवाल क्रेडिट ब्युरोला (कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या) पाठवला की खोटं खातं चार कामकाजाच्या दिवसांत रिपोर्टमधून रोखणं त्यांना बंधनकारक आहे. माझ्या नावावरचे १,३४६ डॉलर त्याच अहवालामुळे काढून टाकले गेले. फ्रीझ, म्हणजे तुमचा क्रेडिट रिपोर्ट नव्या कर्जासाठी बंद करणं, तिन्ही ठिकाणी करा, इक्विफॅक्स, एक्सपीरियन, ट्रान्सयुनियन. सप्टेंबर २०१८ पासून तो फुकट आहे. एका ठिकाणी केला की बाकीच्यांना आपोआप लागत नाही, तिथे मी दोन दिवस घालवले. चौथं ठिकाण लोक विसरतात, चेक्ससिस्टम्स. तुमच्या नावाने बँक खातं उघडू नये म्हणून. आयआरएसकडून आयपी पिन घ्या, म्हणजे तुमच्या नंबरावर दुसरा कोणी रिटर्न भरू शकत नाही. इन्शुरन्सकडून आलेले ईओबी, म्हणजे कुठल्या उपचाराचं किती बिल झालं ते सांगणारे कागद, उघडून वाचा. न घेतलेल्या उपचाराची ओळ दिसली तर त्याच दिवशी फोन.

८९ डॉलर परत आले ते क्रेडिट कार्डमुळे. डेबिट कार्ड वापरलं असतं तर तेही सहज आले नसते.

आई-वडील इथे येऊन गेले असतील आणि व्हिजिटर इन्शुरन्सवर डॉक्टरकडे नेलं असेल, तर त्यांच्या नावानेही नोटीस येऊ शकते. क्लासमध्ये, म्हणजे भरपाई मागू शकणाऱ्यांच्या गटात, कोण येतं ते नोटिशीतच लिहिलेलं असतं. नागरिकत्वाची अट सहसा नसते. पण क्लेम भरताना पैसे कसे घ्यायचे ते नीट निवडा. चेक साधारण ९० दिवसांत रद्द होतो आणि डॉलरचा चेक पुण्या-नाशिकच्या बँकेत वटवणं म्हणजे हेलपाटे. नाव नोटिशीवर आहे तसंच भरा, आडनाव पुढे छापलं असेल तर तसंच. आणि त्यांना भारतात फोन करून कोणी 'अमेरिकेतली भरपाई सोडवायला' रुपये मागितले आणि ते गेलेच, तर लगेच १९३० या भारतातल्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तरच अडवता येतात.

पैसे गेल्यावर महिन्याभराने आणखी एकाचा फोन आला. 'तुमचे ४१२ डॉलर ५० सेंट आम्ही परत मिळवून देतो, नोंदणी ७५ डॉलर.' आकडा सेंटसकट माहीत होता. फोन ठेवला.

खरं पोस्टकार्ड त्याच सुमारास येऊन पडलं होतं. पातळ कागद, काळी बारीक छपाई, कोपऱ्यात आयडी आणि पिन. किराणा दुकानांच्या जाहिरातींच्या गठ्ठ्यात गेलं. मला सापडलं तोपर्यंत मुदत उलटून ११ दिवस झाले होते. उशिराचे क्लेमही काही वेळा स्वीकारले जातात, म्हणून भरून पाठवला आहे. झेलच्या पावतीची प्रत आणि पोलिसांच्या तक्रारीची प्रत जोडली आहे. अजून उत्तर आलेलं नाही.