जुन्या मातीच्या घरात डेको ई-4 चालतो का?

टीपी-लिंकच्या डेको ई-4 चा, म्हणजे घरभर एकच वायफाय पसरवणाऱ्या मेशचा, दोन डब्यांचा संच आहे आमच्याकडे. चालतो, छान चालतो. पण खोक्यावरचं चित्र पाहून, नुसते डबे ठेवले की झालं असं समजून घेणार असाल तर थांबा. मधात केबल टाकावी लागते.

घर दारव्ह्याकडच्या खेड्यातलं, सासऱ्यांच्या वेळचं. समोर छपरीला लागून माझी ऑनलाइन फॉर्मची खोली आहे. पीक विमा, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, सगळं तिथं. नेटच्या फायबरचा डबाही तिथंच. त्यामागं बैठक, माजघर, स्वयंपाकघर आणि सगळ्यात मागं स्लॅबची नवी खोली, तिथं मुलगी नीटचा अभ्यास करते. मधल्या भिंती दीड-दोन फूट जाड, आणि माजघरात भिंतीला टेकून तुरीची पत्र्याची कोठी. वायफायचा 5 गिगाहर्ट्झचा सिग्नल बैठकीतच दम टाकतो. 2.4 वाला भिंतीतून बरा जातो, पण पत्र्यापुढं त्याचंही काही चालत नाही. मग पोरगी पुस्तकं घेऊन छपरीतल्या बंगईवर येऊन बसायची, फॉर्म भरायला आलेल्या गर्दीत.

दीर म्हणत होते, "वहिनी, बोर्डात खोचायचा रिपीटर घ्या, स्वस्तात काम होते." साधा रिपीटर ज्या रेडिओवर ऐकतो त्यावरच पुढं बोलतो, म्हणून वेग साधारण निम्म्यावर येतो. आणि जिथं सिग्नलच नाही तिथं लावला तर तो पुढं देणार काय? मेशचे डबे बिनतारी जोडले तरी ही अडचण सुटत नाही. दुसऱ्या डब्यापर्यंत चांगला सिग्नल पोचलाच पाहिजे. केबल लावली की मात्र डेको आपणहून तिच्यावरून बोलतो, वेगळी सेटिंग नाही. याचे केबल लावायचे पोर्ट 100 एमबीपीएसचे. आमचा प्लॅनच तेवढा, म्हणून चाललं. मोठा प्लॅन असेल तर एम-4 पाहा, त्याचे गिगाबिटचे, म्हणजे 1000 एमबीपीएसचे आहेत.

केबल कॅट-6 घ्या, शुद्ध तांब्याची. वरून तांब्याचा मुलामा अन् आत अॅल्युमिनियम, अशी केबलही त्याच नावानं विकतात. मी दुकानातच ब्लेड मागितलं, तार खरवडली, आत पांढरी निघाली. "ताई, सगळे हीच नेतात," म्हणे. नेत असतील. दुसरं बंडल काढायला लावलं. 100 मीटरपर्यंत चालते, घरात तेवढी लागत नाही. तुळईच्या कडेनं पाइपातूनच न्या, नाहीतर उंदरांची दिवाळी.

जोडणी मोबाइलच्या अॅपवरून होते. कंपनीचा फायबरचा डबा स्वतःच राउटर असेल तर डेको अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, म्हणजे तो नुसतं वायफाय पसरवतो, राउटरचं काम जुना डबाच करतो, आणि जुन्या डब्याचं वायफाय बंद करा. तसं नाही केलं तर कॉम्प्युटर एका नेटवर्कवर आणि प्रिंटर दुसऱ्यावर, आणि समोर सातबाऱ्याच्या प्रिंटसाठी माणूस उभा. या मोडमध्ये मुलांचं नेट वेळेनुसार बंद करायची सोय मिळत नाही, ते आधीच सांगून ठेवते. आमचा प्रिंटर फक्त 2.4 ओळखतो, तो जोडेपर्यंत अॅपमधून 5 बंद ठेवलं, मग चालू केलं. आता पूर्ण घरात एकच नाव, एकच पासवर्ड. समोरून मागच्या खोलीपर्यंत व्हिडिओ कॉलवर बोलत गेले तरी आवाज तुटत नाही.

लाइटीचा हिशोब मात्र खोक्यावर कोणी लिहीत नाही. लाइन गेली की प्रत्येक डब्याला स्वतःचा आधार लागतो. ज्यांच्याकडे पूर्ण घराला इन्व्हर्टर आहे त्यांचं ठीक. आम्ही राउटरचे छोटे यूपीएस घेतले, अॅडॉप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर जुळवून: फायबरच्या डब्याला एक, दोन डेकोंना दोन. मधातला एक जरी बंद पडला तरी मागच्या खोलीतलं नेट गेलं. तिसरा डबा घ्यायची हौस असेल तर हा खर्च आधी धरा.

आणि आंगणापलीकडच्या गोठ्यावर कॅमेरा लावायचा म्हणून तांब्याची केबल उघड्यावरून नेऊ नका. मिरगात विजा कडाडल्या की तीच तार झटका घरात आणते. तिथं फायबर टाका, नाहीतर गोठ्याकडच्या खिडकीत डबा ठेवून कॅमेरा बिनतारीच जोडा. मधात भिंत नसली की तेवढं अंतर तो सहज काढतो.